एक्स-रेत उजवी कंबर डावीपेक्षा वर दिसतेय. सरळ करून घ्यायची असते का?

यवतेश्वर_घाट

नमस्कार मंडळी. या विभागात नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. वय 36, राहणार सातारा. मुलगी सहा वर्षांची, नॉर्मल डिलिव्हरी. काही वर्षं नियमित पळते आणि यंदा हिल मॅरेथॉनची तयारी चालू आहे.

पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट उतरताना उजवीकडे मागे दुखायला लागलं. कमरेच्या मागे जिथे खळी पडते ना, त्याच्या जरासं खाली. चढताना काहीच होत नाही. उतरताना दुखतं, आणि घरी आल्यावर ओट्याशी उभी राहिले की ठणकतं. पायात मुंग्या नाहीत, सकाळी उठताना आखडलेलं नसतं.

ओळखीतल्या एकीने सुचवलं म्हणून एका क्लिनिकमध्ये गेले. नाव देत नाही. तिथे भिंतीवर चौकटी आखल्या होत्या, त्यापुढे उभं करून फोटो काढला आणि त्यावर रेघा मारून दाखवल्या. मग एक्स-रे काढून आणायला सांगितला. निष्कर्ष असा की माझा उजवा पेल्व्हिस पुढे फिरलाय आणि 8 मिलिमीटर वर चढलाय. टेबलावर झोपवून एक झटका दिला, दोन्ही पाय जुळवून दाखवले, "बघा, आले सारखे." पुढच्या वेळी गेले तर म्हणाले परत सरकलाय. आता सेशन्सचं मोठं पॅकेज घ्यायला सांगताहेत. डाव्या बुटात टाचेखाली पॅडही दिलंय, आणि ते घातल्यापासून डावा गुडघा कुरकुरायला लागलाय.

आई म्हणते, लहानपणापासून तुझा फ्रॉक एका बाजूला वर असायचा, आत्ताचं नाही हे. आता मला खरंच कळेनासं झालंय. हे जन्मजात असू शकतं का? सरळ करायलाच हवं का? आणि दुसऱ्या बाळाचा विचार चाललाय, त्यात याने काही अडचण येईल का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. रात्री झोप लागत नाही, सारखं आरशासमोर उभं राहून बघते.

शरीररचना_बाई

ताई, आधी निकाल सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुमच्या वर्णनावरून तरी हाड सरळ करायची काही गरज दिसत नाही. दुखतंय ते खरं आहे आणि त्यावर उपाय करायलाच हवा. पण ते दुखणं आणि हे 8 मिलिमीटर यांची गाठ कुणीतरी मारून दिली आहे, ती आधी सोडवू या.

मी फिजिओथेरपीच्या मुलांना शरीररचना शिकवण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. आमच्या हाडांच्या खोलीत एकाच व्यक्तीचे संच असायचे. दोन्ही बाजूंची नितंबाची हाडं आणि मधलं त्रिकास्थी, म्हणजे कण्याच्या तळाचं तिकोनी हाड, सुतळीने एकत्र बांधलेले. पहिल्या वर्षाला हाड हातात देऊन "बाजू ओळखा" असं विचारायची रीत आहे. खुब्याची वाटी बाहेर, मोठं भोक पुढे-खाली, बसायचं हाड मागे-खाली असं धरलं की उजवं का डावं ते कळतं. मुलांना ते जमलं की मी सुतळी सोडायला लावायची आणि दोन्ही हाडं आरशातल्यासारखी समोरासमोर धरा म्हणायची. तिथे वर्ग गप्प व्हायचा.

एक संच अजून डोळ्यांसमोर आहे. उजव्या पंखाची, म्हणजे नितंबाच्या हाडाच्या वरच्या पसरट भागाची, वरची कड जाड, अंगठा फिरवला की मध्येच उंचवटा लागायचा. डाव्याची कड पातळ आणि पंख बाहेरच्या बाजूला जास्त कललेला. त्रिकास्थीला जोडणारा जो कानाच्या आकाराचा भाग असतो तो उजवीकडे आखूड आणि खडबडीत, डावीकडे लांबट आणि बराच सपाट. त्या कानाखालची खाच एकीकडे करंगळीचं टोक मावेल एवढी, दुसरीकडे नुसती रेघ. आणि मागचं टोक, जे तुमच्या खळीपाशी बोटाला लागतं, ते एका हाडावर टोकदार तर दुसऱ्यावर बोथट आणि थोडं खाली. कुठेही मोडल्याची खूण नाही, सांध्यात झीज नाही. ज्या कुणाची ती हाडं होती ती व्यक्ती याच कमरेवर आयुष्यभर चालली, बसली, उठली. अशा संचांमध्ये दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला संच मी मुलांना कधी दाखवू शकले नाही.

असं का होतं ते वाढीत आहे. हे एकेक हाड मुळात तीन हाडांचं असतं. आयलियम, इस्कियम आणि प्युबिस खुब्याच्या वाटीत एकमेकांना भेटतात, मध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखी कूर्चा असते, आणि ती वयात येताना कधीतरी भरून निघते. वरच्या कडेची पट्टी तर त्यानंतरही बरीच वर्षं वेगळी राहते आणि विशीच्या सुरुवातीपर्यंत जुळत असते. म्हणजे वीसेक वर्षं ही दोन हाडं आपापल्या बाजूला वाढत असतात. कुठल्या पायावर भार टाकून उभं राहायची सवय, उडी कुठल्या पायाने, पोटाचे आणि मांडीचे स्नायू कुठे जास्त ओढतात, या सगळ्याचा थोडा थोडा हात त्यात लागतो. आपण हाताच्या हाडांत हे सहज मानतो. उजखोऱ्या माणसाचं उजवं दंडाचं हाड डाव्यापेक्षा दणकट असतं, त्याला कुणी आजार म्हणत नाही. पायांत बरेचदा उलटं दिसतं, डावी बाजू किंचित भारी. आणि या दोघांच्या मधोमध कंबर आहे.

आता "पुढे फिरलाय" हे त्यांनी कसं ठरवलं असेल ते सांगते. कमरेच्या पुढच्या टोकावर एक अंगठा आणि मागच्या टोकावर दुसरा ठेवतात, दोन्हींमधली रेघ किती कललेली आहे ते बघतात, आणि उजवी-डावी तुलना करतात. यात गृहीत असं आहे की दोन्ही हाडांचा आकार एकच आहे. 2008 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी 30 मृतदेहांच्या श्रोणी (पेल्व्हिस) घेऊन हेच तपासलं. प्रत्येक श्रोणी एकाच ठरावीक स्थितीत बसवली, म्हणजे फिरण्याचा प्रश्नच ठेवला नाही, आणि मग ही रेघ मोजली. कुणाची 0 अंश, कुणाची 23 अंश. एकाच श्रोणीच्या दोन बाजूंत 11 अंशांपर्यंत फरक, आणि हाडाच्या उंचीत 16 मिलिमीटरपर्यंत. हा सगळा फरक निव्वळ आकाराचा. तिथे आपला अंगठा ठेवला असता तर आपणही "फिरलाय" म्हणून मोकळे झालो असतो.

दुसरी बाजूही बघा. त्रिकास्थी आणि नितंबाचं हाड यांच्यातला सांधा, ज्याला सगळे एसआय जॉइंट म्हणतात, किती हलतो? स्वीडनमध्ये 1989 साली हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून एक्स-रेवर त्याची हालचाल मोजली गेली. सरासरी अडीच अंशांच्या आसपास फिरणं आणि मिलिमीटरपेक्षा कमी सरकणं. शरीरातल्या सगळ्यात जाड, मजबूत अस्थिबंधांपैकी काही त्याच्या मागच्या बाजूला आहेत. चामडी, चरबी, स्नायू यांच्यावरून बोटांनी अडीच अंश ओळखायचे आणि तेही आकारातला 11 अंशांचा फरक वजा करून, हे माणसाच्या बोटांना जमण्यातलं नाही. चांगल्या अनुभवी थेरपिस्टांनाही नाही. हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही, मीही हेच तंत्र शिकले आणि परीक्षेपुरतं शिकवलंही.

पायांच्या लांबीचं म्हणाल तर 2005 मध्ये एका कायरोप्रॅक्टरनेच सगळे अभ्यास एकत्र करून मांडले. दहापैकी नऊ जणांच्या पायांत काही ना काही फरक, सरासरी 5.2 मिलिमीटर. साधारण 20 मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेकांना त्याने काही होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

तेव्हा आई बरोबर सांगतेय. फ्रॉक एका बाजूला वर असायचा, तरी तुम्ही शाळा केलीत, बाळ झालं, घाट पळलात.

दोन गोष्टी मात्र मला कळवा. एक्स-रे उभं राहून काढला की आडवं झोपून? आणि उजव्या एका पायावर जागच्या जागी हलकी उडी मारली तर तेच दुखणं उठतं का? पाळी नियमित आहे का, हेही सांगा. यामागे कारण आहे, उत्तर आलं की लिहिते. टाचेचं पॅड तोवर काढून ठेवा.

सीट_कमर_लांबी

मी वैद्यकीय माणूस नाही, जेंट्स टेलर आहे. पण हा विषय रोजच्या धंद्यातला आहे म्हणून लिहितो.

पँटचं माप घेताना गिऱ्हाईक सरळ उभं राहिलं तरी दोन्ही बाजूंची लांबी सारखी येईलच असं नाही. आमच्या वस्तादांनी शिकवलं होतं, कमरेपासून टाचेपर्यंत बाहेरून दोन्ही पायांचं माप वेगळं घे आणि आतून जांघेपासूनही वेगळं घे. आतलं माप सारखं आणि बाहेरचं वेगळं आलं तर फरक पायात नाही, कमरेच्या कडेत आहे. अशा वेळी बॉटम कापायचा नाही. पट्ट्याखाली एका बाजूला शिलाईत अर्धा सेंटिमीटर दाबायचं, म्हणजे इस्त्रीची घडी सरळ पडते. आतलंही वेगळं आलं तरच बॉटम वेगळा करायचा. ट्रायलच्या वेळी खडूने खूण केली की गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही.

पैलवान, पोलीस, बँकेतले साहेब, सगळ्यांत हे दिसतं. रेडीमेड पँट दोन्हीकडे सारखी असते म्हणून लोकांना वाटतं आपणच वाकडे. तुमच्या आईंनी फ्रॉकचं जे पाहिलं ते आम्ही रोज पाहतो.

कोकणकडा

बाई, तुमचा प्रतिसाद आवडला, पण माझा अनुभव वेगळा आहे. मला दोन वर्षांपूर्वी ट्रेकहून आल्यावर असंच डावीकडे धरलं होतं. एका थेरपिस्टने कुशीवर झोपवून झटका दिला, कट असा आवाज आला आणि उठून उभा राहिलो तो मोकळा. आधी पाय वर-खाली होते, नंतर सारखे झाले, बायकोने डोळ्यांनी पाहिलं. हाड जागेवर आलंच नसेल तर बरं कसं वाटलं?

शरीररचना_बाई

कोकणकडा, तुम्हाला बरं वाटलं हे शंभर टक्के खरं. ते मी नाकारत नाही.

तुमच्यासारख्याच 10 रुग्णांवर 1998 मध्ये नेमका हा प्रयोग झाला. तेच टँटलमचे मणी, तीच बारीक मोजणी. झटक्याआधी हातांनी केलेल्या चाचण्या "सांधा सरकलाय" असं सांगत होत्या, झटक्यानंतर त्यांतल्या बहुतेक नॉर्मल आल्या. आणि मण्यांवरून पाहिलं तर हाड जिथे होतं तिथेच, एकाही रुग्णात जागा बदललेली नाही. म्हणजे चाचणीचा निकाल बदलला, दुखणं बदललं, हाडाची जागा बदलली नाही.

मग बदललं काय? कमरेभोवतीचे स्नायू दुखण्याने आखडून धरतात. एका बाजूचा कमरेचा चौकोनी स्नायू आवळला की झोपलेल्या माणसाचा तो पाय वर ओढल्यासारखा दिसतो. झटक्याने, मालिशने, कधी नुसत्या गरम पाण्याच्या पिशवीनेही ती पकड सुटते, मज्जासंस्था दुखण्याचा आवाज कमी करते, पाय खाली येतो. तुमच्या पत्नीने पाहिलं ते हेच. त्यामुळे कुणी एखाद्या वेळी झटका देऊन आराम दिला तर माझी तक्रार नाही. तक्रार इथे आहे की "सरकलाय, बसवला, परत सरकला" ही गोष्ट ऐकून माणूस स्वतःच्या शरीराला घाबरायला लागतो. घाट पळणारी बाई रात्री आरशासमोर उभी राहते. सांधा नुसत्या पळण्याने निखळावा इतका लेचापेचा असता तर डोक्यावर हंडे घेऊन दरड चढणाऱ्या बायका कशा चढल्या असत्या?

थ्रीडी_पुणे

एक शंका. मी थ्रीडी प्रिंटिंगमध्ये काम करतो. कमरेचं हाड मोडलेल्या रुग्णाचा सीटी स्कॅन आला की आम्ही चांगली बाजू उलटी करून त्याचं मॉडेल छापून देतो आणि सर्जन त्यावर प्लेट वाकवून घेतात. दोन्ही बाजू वेगळ्या असतील तर हे कसं चालतं?

शरीररचना_बाई

छान प्रश्न. चालतं, कारण प्लेट जिथे बसते त्या आतल्या कडेला फरक फार थोडा असतो आणि धातूची पट्टी वाकवण्यापुरतं ते पुरतं. जास्त फरक वरच्या पंखांत आणि कडांवर, जिथे स्नायूंची ओढ असते. इथिओपियात 1974 साली सापडलेल्या ल्युसी या मानवाच्या प्राचीन नातेवाइकाच्या सांगाड्यातही कमरेचं डावं हाड आणि त्रिकास्थी एवढंच मिळालं होतं, उजवी बाजू डाव्याची आरशातली प्रत करूनच उभी केली गेली. बत्तीस लाख वर्षांपूर्वीची ती बाई खरोखर इतकी समसमान असेल असं मला वाटत नाही, पण दुसरा इलाजच नव्हता.

आतला मार्ग कमी आणि बाहेरचे पंख जास्त असमान, हे मोजमापांतूनही दिसून आलं आहे. त्याचा संबंध बाळंतपणाशी लावतात. त्यावर इथल्या कुणी लेबर रूममध्ये काम केलेल्या व्यक्तीने लिहिलं तर जास्त बरं.

रात्रपाळी_सिस्टर

मी लिहिते. जिल्हा पातळीवरच्या सरकारी लेबर रूममध्ये नोकरी झाली माझी.

ताई, पहिलं बाळंतपण नॉर्मल झालंय ना? तीच तुमच्या कमरेची सगळ्यात मोठी परीक्षा होती आणि ती पास झालीये. पुढचं बाळ खूपच मोठं असलं किंवा आडवं असलं तर गोष्ट वेगळी, पण 8 मिलिमीटरसाठी कुणी तुम्हाला सिझेरियन सांगणार नाही.

आत जाण्याची वाट आडवी रुंद असते आणि बाहेर पडायची वाट पुढून मागे लांब, म्हणून बाळ डोकं वळवत वळवत खाली येतं. बाळ स्वतःच सोयीची बाजू शोधतं. पोटावर हात ठेवला की बाळाची पाठ आईच्या डावीकडे जास्त वेळा लागते, आणि त्याचं कारण आम्हाला असं शिकवलं की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे मागे जागा अडवतो. म्हणजे आतला ऐवजसुद्धा दोन्हीकडे सारखा नसतो, तरी बाळं जन्मतातच.

अडचण होते ती कमर खरोखर तिरकी असते तिथे. हायडेलबर्गच्या नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञांनी 1839 मध्ये अशा श्रोणीवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात त्रिकास्थीचा एका बाजूचा पंख वाढलेलाच नसतो, तिकडचा सांधा बहुधा जुळून गेलेला असतो आणि वाट तिरपी, अरुंद होते. फार दुर्मीळ. आमच्याकडे यायच्या त्या वेगळ्या बायका. लहानपणी पोलिओ झालेल्या, खुब्याचा टीबी झालेल्या, मुडदूस झालेल्या, आणि अलीकडे गाडीवरून पडून कमर मोडलेल्या. म्हणून पहिल्या तपासणीला बाई दारातून चालत येतानाच आम्ही बघायचो, लंगडते का, एक पाय बारीक आहे का, उंची फार कमी आहे का. पूर्वी जुन्या मॅडम लाकडी पेटीतला कंपास काढून बाहेरून मापं घ्यायच्या, ते कधीच बंद झालं. आता कळा नीट येऊ देतात, डोकं खाली येतंय ना हे बघत राहतात, आणि अडलं तर वेळेवर ठरवतात.

तुम्ही घाट पळता, लंगडत नाही, एक मूल नॉर्मल. डॉक्टरांना भेटाल तेव्हा कमर दुखते एवढं जरूर सांगा, कारण गरोदरपणात सांधे सैल पडतात आणि तेव्हा ते जास्त जाणवू शकतं.

यवतेश्वर_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा दिवस आरशासमोर गेले नाही.

बाई, तुमची उत्तरं: एक्स-रे आडवं झोपवून काढला होता. फिल्म खिडकीला धरून पाहिली. खालच्या बाजूला दोन मोठी भोकं दिसतात ती सारखी नाहीत, उजवं बारीक दिसतंय. उजवा पंख मात्र डाव्यापेक्षा रुंद आहे. माकडहाडाचं टोक पुढच्या सांध्याच्या रेषेत नाही, बाजूला गेलंय. हे बघून पुन्हा धस्स झालं.

पाळी नियमित आहे. एका पायावर उडी मारली, दुखलं नाही. जिना उतरताना मात्र उजव्या पायावर भार असताना दुखतं. घाटात आम्ही नेहमी रस्त्याच्या एकाच कडेने उतरतो, त्याचा काही संबंध असेल का?

शरीररचना_बाई

धस्स व्हायचं कारण नाही, उलट तुम्ही फार नेमकं पाहिलंत. एकाच बाजूला भोक बारीक आणि पंख रुंद, शिवाय माकडहाड मधल्या रेषेतून हललेलं, याचा अर्थ फिल्म काढताना तुम्ही टेबलावर किंचित वळून झोपला होतात. एका कुल्ल्याखाली चादरीची घडी आली तरी एवढं होतं. वळलेल्या फिल्मवर दोन बाजूंची उंची-रुंदी मोजून काही सिद्ध होत नाही. त्यात झोपून काढलेल्या फिल्मवर पायांवर भारच नसतो, त्यामुळे उभं राहिल्यावर कंबर कुठे असते हे ती सांगू शकत नाही. शिवाय कमरेच्या एक्स-रेत प्रतिमा मुळात मोठी होऊन येते, साधारण 15 ते 20 टक्के. ते 8 मिलिमीटर कुठून आले याचा विचार तुम्हीच करा.

खरोखर मोजायचं असेल तर साधी पद्धत आहे. अनवाणी, दोन्ही गुडघे सरळ, पावलं खुब्यांच्या रुंदीवर. मागे कुणीतरी बसून दोन्ही तळहात आडवे कमरेच्या कडांवर दाबून ठेवायचे. खाली वाटणाऱ्या बाजूच्या पावलाखाली पातळ फळी, मग आणखी एक, असं करत "आता कंबर सारखी वाटते" असं तुम्ही म्हणेपर्यंत. एक सेंटिमीटरपर्यंत काहीही आलं तरी मी बुटात काही घालणार नाही. पॅड काढल्यावर गुडघ्याला कसं वाटतंय ते बघा.

उडी आणि पाळीबद्दल का विचारलं ते आता सांगते. लांब पळणाऱ्या बायकांमध्ये त्रिकास्थीला ताणाने बारीक चीर (स्ट्रेस फ्रॅक्चर) पडते, दुखणं अगदी तुम्ही दाखवलंत तिथेच असतं, आणि साध्या एक्स-रेत ती बहुधा दिसत नाही. एका पायावर उडी मारली की दुखतं. पाळी चुकत असेल, जेवण कमी पडत असेल तर शंका वाढते. तिथे एमआरआय लागतो आणि पळणं पूर्ण थांबवावं लागतं. तुमच्या बाबतीत उडीला दुखलं नाही हे चांगलं लक्षण, पण दुखणं वाढलं किंवा चालतानाही यायला लागलं तर अस्थिरोगतज्ज्ञांना हे नाव घेऊन विचारा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, रात्री दुखण्याने जाग येणं, ताप, पायातली ताकद जाणं, लघवीच्या जागी बधिरपणा, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका.

रस्त्याच्या कडेचं तुम्ही बरोबर पकडलंत. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. एकाच कडेने सतत उतरलात तर एक पाय रोज खाली पडतो आणि त्या उतरणीवर दर पावलाला एका खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंना कंबर धरून ठेवावी लागते. चढताना दुखत नाही आणि उतरताना, जिन्यावर भार घेताना दुखतं, यावरून मला संशय त्या स्नायूंचाच जास्त आहे. तपासणी प्रत्यक्ष करून घ्याच, पण तोवर हे करा. चढ पळा, उतार चालत या. घरच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उजव्या पायावर उभं राहून डावी टाच सावकाश जमिनीला टेकवा आणि परत वर या, गुडघा आत वळू न देता. आधी कठड्याला धरून, जमलं की न धरता, मग हातात पाण्याची बाटली घेऊन. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, तेही टाच किंचित मागे ठेवून. दोन्ही बाजूंनी करा, दुखतं त्या बाजूला जास्त. व्यायाम करताना थोडं जाणवलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उरलं तर तेवढं कमी करायचं. जिना उतरताना दुखणं थांबलं की मगच घाटाचा उतार पळायला घ्या, आधी छोटा टप्पा आणि रस्ता मोकळा असेल तिथे सपाट भागावरून.

फळ्यांवरचं माप किती आलं ते लिहा. कमरेवर हात ठेवायला आईंना बसवलंत तर उत्तम, त्यांची नजर या बाबतीत चांगली दिसतेय.